नागपूरचे ट्रकवेडे आणि त्यांची 'कंपनी': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री लांबून नुसते दिवे दिसले तरी 'लेलँड आहे' म्हणून पैज लावणारी मंडळी नागपुरात आहेत. सुट्टीच्या दिवशी ती वाडीच्या गोदामांपाशी सापडतात, कापसीला सापडतात, नाहीतर बुटीबोरीच्या पुलाखाली चहाच्या टपरीवर. घरचे, शेजारचे आणि नव्याने नाद लागलेली पोरं त्यांना तेच ते प्रश्न विचारत असतात. त्यांची उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवली आहेत. ट्रक विकत घ्यायचा असेल तर ज्याच्या दारात चार गाड्या उभ्या आहेत त्याला विचारा. इथे बोलणं आवडीचं आहे.

नागपुरात टाटा जास्त की लेलँड?

मोजल्या तर टाटा. देशभरात मोठ्या ट्रकांत पहिला नंबर टाटांचा, दुसरा अशोक लेलँडचा, आणि नागपूरही त्याला अपवाद नाही. पण दुसऱ्या शहरात हे उत्तर इथेच संपतं, नागपुरात संपत नाही. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ नंबरचा महामार्ग आणि गुजरातेतून येऊन रायपूरकडे निघणारा ५३ नंबरचा महामार्ग आपल्याकडे एकमेकांना भेटतात. आकडे २०१० साली बदलले, तरी जुने ड्रायव्हर अजून 'सात नंबर' आणि 'सहा नंबर'च म्हणतात.

सात नंबरने दक्षिणेकडून येणाऱ्या टीएन आणि केए पासिंगच्या गाड्यांत लेलँड भरपूर. साहजिक आहे, एन्नोर आणि होसूरचे कारखाने त्यांच्या अंगणात. सहा नंबरने रायपूरच्या बाजूने येतात त्यांत टाटा जास्त, कारण त्या बाजूला पुढे टाटांचं जमशेदपूर आहे. उत्तरेकडून पंजाब, हरियाणा, राजस्थानच्या गाड्या येतात, त्याही बहुतांश टाटाच. सात नंबरला बोरखेडीच्या टोलवर तासभर थांबा आणि मग भंडारा रोडवर माथनीच्या टोलवर तासभर थांबा, दोन वेगळे देश बघितल्यासारखं वाटेल.

म्हणून आमच्यात गमतीने म्हणतात, तुझं घर कोणत्या रोडला आहे ते सांग, तुझी कंपनी आम्ही सांगतो. ही गंमत बऱ्याच वेळा खरी निघते. लहानपणी जी गाडी दारावरून गेली तिचाच आवाज कानात बसतो.

टाटावाले पिढ्यान्‌पिढ्या टाटावालेच का राहतात?

पहिलं कारण मिस्त्री. देवलापारच्या पुढे जंगलात गाडी बंद पडली काय आणि कोंढाळीच्या घाटात पडली काय, टाटाचं काम येणारा माणूस सापडतो. फिल्टर, बेल्ट, क्लच प्लेट, कमानीचे पाटे हे सगळं तालुक्याच्या दुकानात मिळतं. ज्याची गाडी उभी राहिली त्याचा हप्ता उभा राहत नाही, तेव्हा दुरुस्ती किती लवकर होते यावर मालकाचं प्रेम ठरतं.

दुसरं कारण इतिहासात आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. त्या गाड्यांच्या तोंडावर मर्सिडीजचा तारा होता. करार १९६९ मध्ये संपला, ताऱ्याच्या जागी टाटांचं 'टी' आलं, पण गाडी लोकांच्या मनात बसून गेली होती. सत्तरी ओलांडलेले काही उस्ताद अजूनही जुन्या १२१० ला 'मर्सिडीज' म्हणतात, आणि त्यांना दुरुस्त करायला जाऊ नये.

तिसरं कारण चारशे सात. १९८६ मध्ये आलेल्या या गाडीने विदर्भातल्या कितीतरी माणसांना पहिल्यांदा मालक केलं. भाजी, सिमेंट, लग्नाची वरात, गणपती, सगळं चारशे सातने वाहिलं. २००५ मध्ये 'छोटा हत्ती' आला आणि तीच गोष्ट आणखी लहान मापात पुन्हा घडली. छोट्या हत्तीपासून सुरुवात केलेला माणूस दहा चाकीपर्यंत पोचतो तेव्हा तो दुसऱ्या शोरूममध्ये सहसा पाय ठेवत नाही.

आणखी एक दृश्य सांगतो, ज्यांनी पाहिलं त्यांना आठवेल. जमशेदपूरहून निघालेल्या नुसत्या चेसिस सहा नंबरने रांगेत येत. केबिन नाही, काच नाही, दार नाही. लाकडी फळीवर बसलेला ड्रायव्हर, डोक्याला आणि तोंडाला गमछा गुंडाळलेला, डोळ्यावर गॉगल, बाजूला कपड्यांचं गाठोडं सुतळीने बांधलेलं. मे महिन्याच्या उन्हात तशीच गाडी रायपूर ओलांडून नागपूरपर्यंत यायची. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं टाटाप्रेम त्या चेसिसपासून सुरू झालं आहे.

आणि लेलँडवाल्यांचा एवढा तोरा कशाचा?

लेलँडवाला संख्येने कमी, म्हणून आवाजाने जास्त. पण त्याच्याकडे मुद्दे आहेत.

नागपूरकरासाठी सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे भंडारा. भंडारा जिल्ह्यात गडेगावला, साकोलीकडे जाताना, अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि तिथे गिअरबॉक्स बनतात. म्हणजे मद्रासी म्हणून ज्या गाडीला हिणवलं जातं तिच्या पोटातला एक भाग आपल्याच मातीतला. भंडारा-लाखनीकडची माणसं हा मुद्दा दर वादात काढतात, आणि त्यावर टाटावाल्याकडे खरंच उत्तर नसतं.

कंपनीची गोष्टही रंगतदार आहे. रघुनंदन सरन यांनी १९४८ मध्ये 'अशोक मोटर्स' काढली ती ऑस्टिन मोटारी जोडायला, आणि नाव ठेवलं मुलाच्या नावावरून. इंग्लंडच्या लेलँडशी हातमिळवणी झाली आणि १९५५ मध्ये नाव अशोक लेलँड झालं. १९८७ मध्ये हिंदुजा आले. गाड्यांची नावं मात्र कायम झोकात: कॉमेट, बीव्हर, हिप्पो, टॉरस, टस्कर. टाटाने आकडे दिले, लेलँडने नावं दिली, हा फरक पोरांना फार भावतो.

पण खरं प्रेम इंजिनावर. जपानच्या हिनोच्या वळणाचं सहा सिलिंडरचं इंजिन भरल्या गाडीनिशी चढ चढताना जो एकसुरी आवाज काढतं, तो ऐकायला लोक मुद्दाम घाटात जाऊन उभे राहतात. 'टाटा धावते, लेलँड ओढते' असं इकडे म्हणायची पद्धत आहे. शास्त्र म्हणून याला फार अर्थ नाही, कारण गिअर, एक्सल आणि टायर बदलले की ओढही बदलते. तरी भरलेल्या ट्रेलरच्या ड्रायव्हरसमोर हे बोलून बघा.

आणि धोनी. लेलँडने त्याला जाहिरातीत घेतलं. म्हणजे ज्या राज्यात जमशेदपूर आहे तिथलाच रांचीचा पोरगा लेलँडचा झाला. टाटाने २०१६ च्या अखेरीस अक्षयकुमार आणला, पण लेलँडवाल्याच्या मते हिशेब चुकता झालेला नाही.

गाडीवरचे आकडे कसे वाचायचे?

सोपं आहे. पुढचे आकडे म्हणजे मालासकट गाडीचं एकूण वजन टनांत, मागचे आकडे म्हणजे ताकद, दहाने गुणून हॉर्सपॉवर. १६१३ म्हणजे १६ टन, १३० हॉर्सपॉवर. २५१८ म्हणजे २५ टन, १८० हॉर्सपॉवर. ४०७ म्हणजे ४ टन, ७० हॉर्सपॉवर. आकडे अगदी काट्यावर जुळतीलच असं नाही, पण अंदाज पक्का येतो. भारतबेंझमध्ये (डाइमलरची गाडी, तिच्याबद्दल पुढे) शेवटी अक्षरही असतं: आर म्हणजे साधा मालट्रक, सी म्हणजे बांधकाम-खाणीची टिपर, टी म्हणजे ट्रेलर ओढणारा घोडा.

जुलै २०१८ मध्ये सरकारने एक्सलवरचं कायदेशीर वजन वाढवलं. दहा चाकीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं, मोठ्या ट्रेलरचं ४९ वरून ५५ वर. म्हणून जुन्या घोड्यावर ४९२३ दिसतं आणि नव्यावर ५५ ने सुरू होणारा आकडा. एखादी गाडी २०१८ च्या आधीची की नंतरची, हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

'हायवा' कोणत्या कंपनीची गाडी?

कोणत्याच नाही. हायवा ही टिपरचा हायड्रॉलिक जॅक बनवणारी मूळ नेदरलँड्सची कंपनी. डाल्यावर तिचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, म्हणून कन्हानच्या रेतीपासून उमरेडच्या मुरुमापर्यंत सगळ्या दहा चाकी टिपरना लोक हायवाच म्हणतात. गाडी टाटा असू शकते, लेलँड असू शकते, भारतबेंझही. तोंड बघा, पाठ बघू नका.

मालक, ड्रायव्हर, मिस्त्री, शौकीन: खरी निष्ठा कोणाची?

या प्रश्नावर आमच्यात भांडणं झाली आहेत. माझं मत सांगतो, पटवून घ्या असं नाही.

मालकाची निष्ठा वहीत असते. डिझेलला अ‍ॅव्हरेज किती, टायर किती पुरतं, पाच वर्षांनी विकली तर किती येतील, फायनान्सवाला कोणत्या गाडीला पटकन हो म्हणतो. भरलेली दहा चाकी लिटरला चारच्या आसपास देते. तिथे पाव किलोमीटरचा फरक पडला तरी महिन्याचा हिशेब हलतो. असा माणूस दसऱ्याला लेलँडची पूजा करतो आणि दिवाळीला टाटा बुक करतो, आणि त्यात त्याला काहीच वावगं वाटत नाही. वाटायचं कारणही नाही.

ड्रायव्हरची निष्ठा कमरेत असते. सीट कशी आहे, स्टिअरिंग जड आहे का, गिअर हाताला येतो का, इंजिनाची धग पायाला लागते का. कंपनीचं नाव तो उगाच घेत नाही. 'भाऊ, जिच्यावर झोप लागते ती चांगली,' असं एकाने आम्हाला ऐकवलं होतं आणि चहा संपवून निघून गेला.

मिस्त्रीची निष्ठा कानात. वाडीतल्या एका मिस्त्रीकाकांना काम करताना बघणं हा सोहळा आहे. गाडी चालू ठेवायला सांगतात. लांब पेचकसाचं टोक इंजिनाच्या हेडवर टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. एकेक सिलिंडर असा तपासत सरकतात. पोरगं विचारतं, 'काय झालं काका?' ते डोळे न उघडता म्हणतात, 'चूप बस ना बे, ऐकू दे.' मग चौथ्यावर थांबतात आणि बोट दाखवतात: नोझल. हा माणूस उभ्या आयुष्यात टाटाच खोलत आला, म्हणून टाटाचा. लेलँड आली तर करतो, पण तोंड वाकडं करून करतो. त्याच्याकडे शिकलेली पोरं आता कळमना, कापसी, हिंगणा अशी पसरली आहेत आणि तीही टाटाचीच. एखाद्या भागात कोणती कंपनी चालते हे शोरूमपेक्षा अशा उस्तादांनी जास्त ठरवलं आहे, असं मला वाटतं.

शौकिनाची निष्ठा फुकटची असते. ना हप्ता, ना डिझेल, ना पंक्चर. म्हणून ती सगळ्यात कडवी असते.

भारतबेंझ घेणारे स्वतःला वेगळे का समजतात?

कारण गाडी उशिरा आली आणि ऐटीत आली. डाइमलरने चेन्नईजवळ ओरगडमला कारखाना काढला आणि २०१२ मध्ये भारतबेंझ बाजारात आणली. ज्या डाइमलरच्या ताऱ्याने टाटाची सुरुवात झाली, तेच घराणं चार दशकांनी टाटाच्या समोर उभं राहिलं. आमच्यातल्या जुन्या टाटावाल्यांना हे अजून पचलेलं नाही.

वणी, चंद्रपूरकडे कोळशाच्या आणि मातीच्या कामात या टिपर दिसतात. केबिन शांत, दार बंद केल्यावर येणारा आवाज भरीव. एवढ्या दाराच्या आवाजावर फिदा झालेली पोरं माझ्या ओळखीची आहेत. विरोधकांचं म्हणणं एकच: कंपनीच्या वर्कशॉपशिवाय पान हलत नाही. त्यात पूर्वी जितकं तथ्य होतं तितकं आता उरलेलं नाही, कारण बीएस-६ (धुरावरचे नवे कडक नियम) नंतर सगळ्यांचीच तीच गत आहे. त्याबद्दल पुढे.

महिंद्राचा ट्रक नागपूरकराला जवळचा वाटतो, तो का?

हिंगणा एमआयडीसीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. ज्यांच्या घरचं कोणीतरी तिथे कामाला होतं त्यांना लाल रंग दिसला की बरं वाटतं. ट्रकमध्ये महिंद्रा मात्र उशिरा आली. अमेरिकेच्या नॅविस्टारबरोबर भागीदारी झाली, चाकणला गाड्या बनल्या, पुढे भागीदार बाहेर पडला. शौकिनांसाठी यात एक छान धागा आहे: महिंद्राचे ट्रॅक्टर सुरू झाले ते इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या साथीने, आणि नॅविस्टार म्हणजे त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरचं नंतरचं नाव. २०१६ मध्ये ब्लाझो आणताना कंपनीने सांगितलं, अ‍ॅव्हरेज जास्त दिलं नाही तर गाडी परत द्या. त्या जाहिरातीवर टपरीवर जेवढी चर्चा झाली तेवढी गाडीवर झाली नाही. २०२५ मध्ये महिंद्राने एसएमएल इसुझू, म्हणजे आपली जुनी स्वराज माझदा, ताब्यात घेतली.

आयशरचं नाव कोणी का घेत नाही?

घेतात, पण भांडत नाहीत. चौदा फुटी, सतरा फुटी, पार्सलची, फर्निचरची, संत्र्याच्या क्रेटची गाडी म्हणजे आयशर, यावर सगळ्यांचं एकमत आहे. इंदूरजवळ पीथमपूरला मित्सुबिशीच्या साथीने कॅन्टर बनायला लागली आणि २००८ मध्ये व्होल्वो भागीदार झाली. गाडी कुरकुर करत नाही, म्हणून तिच्यावर पोवाडेही नाहीत.

व्होल्वो आणि स्कॅनिया नागपुरात कुठे बघायला मिळतात?

रस्त्यावर कमी, खाणीकडे जास्त. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं, म्हणजे वेकोलिचं, मुख्यालय नागपुरात, खाणी उमरेड, सावनेर, वणी, बल्लारपूरकडे. कोळशावरची माती हटवायचं काम कंत्राटदारांकडे असतं आणि तिथे व्होल्वोच्या टिपर धावतात, स्कॅनियाही. वेकोलिचे स्वतःचे मोठे पिवळे डंपर बहुधा बीईएमएलचे. खाणीच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जाऊ नये. नव्या गाड्या ट्रेलरवर चढवून नेतात तेव्हा उमरेड रोडला दिसतात, त्यावर समाधान मानायचं.

बीएस-६ आल्यावर निष्ठा बदलल्या का?

हलल्या नक्की. त्याआधीची लढाई जास्त मजेदार होती. एप्रिल २०१७ मध्ये बीएस-४ देशभर लागू झालं तेव्हा मोठ्या इंजिनांसाठी बहुतेक कंपन्यांनी धुरात युरियाचं पाणी फवारायचा रस्ता धरला. लेलँडने वेगळी वाट काढली: धुराचाच काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडायचा, युरियाची टाकी नको. ड्रायव्हर लोक खूश, एक कटकट कमी. 'आमच्या गाडीला युरिया लागत नाही' हे वाक्य लेलँडवाल्यांनी तीन वर्षं मिशीला पीळ देत वापरलं.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि लेलँडच्या मोठ्या गाड्यांनाही युरिया लागायला लागला. वाक्य संपलं. हे पाणी म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया. शेतातला युरिया बादलीत ढवळून टाकला तर यंत्रणा चोक होते आणि बिल हजारांत नाही, लाखांत जातं. विदर्भात हे वेगळं सांगावं लागतं, कारण घरात पोतं पडलेलं असतं.

पण निष्ठा हलली ती युरियाने नाही, सेन्सरने. गाडी आता लॅपटॉप लावल्याशिवाय बोलत नाही. पेचकस कानाला लावणाऱ्या काकांना नोझल ऐकू येतं, पण सेन्सर ऐकू येत नाही. मिस्त्री सुटला की कंपनीशी असलेली गाठही सैल होते, आणि मालक विचारायला लागतो की वर्कशॉपलाच जायचं आहे तर जिचं वर्कशॉप जवळ ती घेऊ. नव्या पिढीचे काही मिस्त्री स्कॅनर घेऊन बसले आहेत, त्यांच्याकडे सगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात. अशा पोराला तुझी कंपनी कोणती विचारलं तर तो स्कॅनरचं नाव सांगतो.

एसी केबिनने काही फरक पडला का?

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची आहे. ४५ अंशांच्या नागपुरात यावर वाद कसला घालायचा? एवढंच की 'आमच्या कंपनीत एसी आहे' हा मुद्दा आता सगळ्यांकडून गेला.

डॉज, फार्गो, बेडफोर्ड अजून कुठे दिसतात का?

चालत्या स्थितीत क्वचित. प्रीमियरने मुंबईत डॉज आणि फार्गो बनवल्या, हिंदुस्थान मोटर्सने बेडफोर्ड. लांब नाकाच्या या गाड्या आता कुठे पाण्याचा टँकर म्हणून, कुठे लाकडाच्या टालीमागे गवतात. डोळ्यात तेल घालून शोधायची वस्तू आहे.

फौजी गाड्यांसाठी मात्र नागपूर चांगलं. कामठीला छावणी, पुलगावला दारूगोळ्याचा डेपो, आणि उत्तरेला जबलपूर, जिथे जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान बनायचा आणि पुढे लेलँडची स्टॅलियन बनली. स्टॅलियनचा ताफा कामठी रोडने निघाला की लेलँडवाले छाती फुगवतात. फौजी गाड्यांचे, छावणीचे फोटो काढू नका.

नागालँडच्या 'एनएल ०१' गाड्या नागपुरात एवढ्या कशा?

त्या नागालँडहून आलेल्या नसतात. तिथे नोंदणी आणि कर तुलनेने स्वस्त व सुटसुटीत पडतो म्हणून अनेक मालक मोठे ट्रेलर तिथे पासिंग करतात. नॅशनल परमिट असलं की देशभर चालतं. गाडी कुठली हे नंबरवरून ठरवू नका, मागे काय लिहिलंय ते वाचा. कोराडीची देवी, ताजबाग, जय भीम, गजानन महाराज यांतलं काही दिसलं तर मालक किंवा ड्रायव्हर आपल्याकडचा असायची शक्यता बरीच. 'हॉर्न ओके प्लीज'ला महाराष्ट्रात २०१५ मध्ये मनाई झाली, पण बाहेरच्या पासिंगच्या गाड्यांवर ते अजून भेटतं.

फोटो काढायला चांगल्या जागा कोणत्या?

सकाळी वाडी, कारण गोदामांमुळे गाड्या हळू असतात. दुपारनंतर भंडारा रोडला कापसीची ट्रान्सपोर्टची वस्ती, उजेड अंगावर पडतो. दसऱ्याला कुठेही जा, धुतलेल्या, झेंडूने मढलेल्या, टायरखाली लिंबू ठेवलेल्या गाड्या रांगेने मिळतात, आणि पेढाही.

समृद्धीवर थांबायला बंदी आहे आणि दुचाकी तर जाऊच देत नाहीत. पेंचच्या जंगलात ४४ नंबरवर प्राण्यांसाठी पूल बांधले आहेत, त्यांतला सगळ्यात लांब ७५० मीटरचा. वरून ट्रक, खालून वाघ. तिथेही थांबायचं नाही. आणि उभ्या गाडीचा फोटो घेण्याआधी ड्रायव्हरला विचारा. 'उस्ताद, एक फोटो घेऊ का?' एवढं पुरतं. न विचारता घेतलात तर त्याला वाटतं आरटीओचा माणूस आला.

इलेक्ट्रिक आणि गॅसवरच्या ट्रकबद्दल तुमची मंडळी काय म्हणते?

नाकं मुरडते. जुलै २०२१ मध्ये नागपुरात एलएनजीचं (द्रवरूप नैसर्गिक वायूचं) केंद्र सुरू झालं, उद्घाटन गडकरींनीच केलं, आणि एलएनजीचे ट्रक आता अधूनमधून दिसतात. छोट्या हत्तीची इलेक्ट्रिक आवृत्ती शहरात सामान पोचवत फिरते. त्यांना आवाज नाही, ही आमची तक्रार. ज्याला डिझेल भरावं लागतं त्याची ही तक्रार नाही.

आमच्या शेतात आजोबांचा जुना टाटा पडून आहे. भंगारात द्यावा का?

घाई करू नका. आधी चेसिस नंबरची प्लेट शोधा, वायर ब्रशने साफ करा, आरसीशी ताडून बघा. द्यायचाच ठरला तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला नको, सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं, नवी गाडी घेताना करात सवलतीला उपयोगी पडतं, आणि आरटीओतून नोंदणीही रीतसर रद्द होते. नाहीतर तीच गाडी कागदावर तुमच्या नावाने फिरत राहते. जाण्याआधी ग्रिलवरचा बॅज स्वतः काढून घ्या. बारा-चौदाचा पाना आणि थोडं रॉकेल लागेल. बोल्ट गंजलेले असतील तर रात्रभर भिजवून ठेवा आणि सकाळी हातोडीने हलकेच ठोका, जोर लावला तर कान तुटतो.